माझ्या बैठकीतला फोटो

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कोणी ही म्हण केली त्याच्याकडे बांधायला जागा होती, एवढं नक्की. आमच्या गल्लीत लग्नं सगळ्यांची झाली. घराचं मात्र विचारू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची चौदा वर्षं याच गावात. शेलूबाजारहून जीपनं वीस मिनिटं, जीप भरायला लागणारा पाऊण तास वेगळा. निवृत्त झाल्यावर लोक देवाच्या मागे लागतात, मी सरकारच्या मागे लागले. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमचे यजमान हयात होते तोवर रोज सांगायचे. ते गेल्यावर गाव सांगायला लागलं. मला त्याचं वाईट वाटत नसे. गावात एक तरी माणूस भांडणारा हवा, आणि माझ्याकडे वेळ होता, पेन्शन होती, अक्षर चांगलं होतं.

माझ्या शेजारी भाबी राहते. तिचा नवरा पिंजारी होता, गाद्या-रजया भरायचा. त्याला सगळे भाई म्हणायचे, म्हणून ती भाबी; ती मला बाई म्हणते. भाई गेल्यावर भाबीनं काम सोडलं नाही. आमच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांतल्या रजया तिच्या हातच्या आहेत. तिचं घर म्हणजे वर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर दगड, तीन बाजूंना तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा कूड आणि त्यावर मातीचा लेप. चौथी भिंत माझ्या घराची. तिनं आपलं घर माझ्या भिंतीला टेकवलं आहे, असंच म्हणायचं.

पावसाळ्यात कुडाच्या खालून पाणी आत शिरतं. भाबी रुईची पोती खाटेवर चढवते आणि स्वतः खाली ओल्यात बसून राहते. तिला फार काही नको होतं. एक पक्की खोली, उंच जोतं, आणि पाऊस असो की ऊन, लेकीला बाळंतपणाला माहेरी आणता येईल एवढी कोरडी जागा. लेक अकोल्याकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडे सगळ्यांचाच रिवाज, त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही.

आता आमच्या गल्लीचा रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझ्या घराची पुढची खोली ही गल्लीची बैठक आहे. पंखा आहे, सहा खुर्च्या आहेत, काचेचं शोकेस आहे. कोणाकडे पाहुणा आला, मुलगी पाहायला मंडळी आली, बँकेतून कोणी चौकशीला आलं, की त्यांना माझ्याकडे बसवायचं. चहा त्या घरचा, बैठक माझी. भाबीच्या लेकीला पाहायला आले तेही माझ्याच खुर्च्यांवर बसले. पाहुण्यांना कळतं की हे घर यांचं नव्हे. कोणी विचारत नाही. मान राखायची ती रीत आहे. यात काही खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. गावात माझी बैठक वापरात असते याचा मला थोडा माजही होता, तो कबूल करते.

सरकारच्या घरकुल योजनेचा सर्व्हे आला तेव्हा मी आठ दिवस आधीपासून गल्लीत फिरत होते. कागद काढून ठेवा, आधार कार्ड ठेवा, घरात जे आहे ते दाखवा, जे नाही ते नाही म्हणा. शाळा तपासणीच्या आधी वर्ग तयार करावा तशी मी गल्ली तयार केली. सर्व्हेवाला आला तो मोबाईल घेऊन, भर वैशाखात. सकाळपासून मी त्याच्याबरोबर दारोदार. त्यानं प्रत्येकाला आपापल्या दारात उभं केलं, फोटो काढला, माहिती भरली. शेवटचं घर भाबीचं. तोवर एक वाजला होता, त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. भाबीच्या पत्र्याखाली त्या वेळी भाकरी भाजून निघाली असती. शिवाय लग्नसराईच्या गाद्यांचं काम चालू होतं, आत रुई उडत होती. तो दारातच खोकायला लागला. भाबी शरमेनं अर्धी झाली. साहेब दारात आला आणि त्याला टेकायला जागा नाही.

मी म्हटलं, चला, माझ्याकडे बसा. त्याच वर्षी मी बैठकीची फरशी बदलली होती, पांढरी, करड्या ठिपक्यांची. ती कोणी तरी बाहेरच्या माणसानं पाहावी असं मनात होतंच. पंखा पाचवर केला. माठातलं पाणी दिलं, भाबीनं तिच्याकडून दूध आणलं, मी चहा केला. त्यानं तिथे बसून तिची माहिती भरली. उठता उठता म्हणाला, फोटो राहिला. बाहेर उन्हाकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, इथंच घ्या ना, उजेड चांगला आहे. भाबीला शोकेसशेजारी उभं केलं, तिचा पदर नीट केला. त्यानं फोटो काढला आणि गेला.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या तीन वर्षं आलं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना हातचा धरायला शिकवलेली बाई मी, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

यादी लागली तेव्हा भाबीचं नाव त्यात नव्हतं. ज्याच्याकडे तीन खोल्या आणि अंगणात ट्रॅक्टर उभा, त्याचं होतं. मी भाबीला घेऊन तालुक्याला गेले. कचेरीतल्या माणसानं संगणकावर नाव शोधलं आणि वाचून दाखवलं: अपात्र. कारण, पक्के घर.

मला आधी हसू आलं. वाटलं, दुसऱ्याच कोणाचं वाचतो आहे. त्याला म्हटलं, पुन्हा पाहा. त्यानं पुन्हा पाहिलं, आधार कार्डाचे शेवटचे चार आकडे वाचले. तिचेच. तुराट्यांचा कूड पक्का? मी विचारलं, कशावरून पक्कं? तो म्हणाला, फोटोवरून. फोटो दाखवा म्हटलं तर म्हणाला, तो वर असतो, आम्हाला दाखवता येत नाही. भाबी माझ्यामागे उभी होती. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी आत भांडत राहिले. परतताना जीपमध्ये ती काही बोलली नाही. मला वाटलं, खचली. मीच बोलत होते, शेलूबाजार येईपर्यंत.

तिथून माझी लढाई सुरू झाली. लढाई म्हणते खरी, पण ती कागदाचीच. पहिला अर्ज भाबीचा केला. त्याला उत्तर आलं नाही तेव्हा कळलं की एकीचा अर्ज कोणी वाचत नाही, नियमालाच हात घातला पाहिजे. मग मी निवेदन लिहिलं. ज्यांच्या पायाखाली जागा आहे पण कागदावर नाही, त्यांना गावठाणात नावावर जागा द्या, कारण जागेशिवाय घरकुल म्हणजे ताट नसलेल्याला वाढलेलं जेवण. रेती, गिट्टी, लोखंड जसं महागतं तशी मदत वाढवा, नाहीतर लोक जोत्यापर्यंत बांधून थांबतात आणि त्या जोत्यावर शेळ्या बांधतात. आमच्या गावात अशी चार जोती आहेत, येऊन पाहा. कोणाच्या दारात जुनी मोटरसायकल दिसली म्हणून त्याचं घर कापू नका. आणि सगळ्यांत मोठं, यादी बंद खोलीत करू नका. ज्याचं नाव कापता त्याचा फोटो ग्रामसभेत सगळ्यांसमोर दाखवा, गावाला विचारा, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

बाजाराच्या दिवशी मी शेलूबाजारला जीप उभ्या राहतात तिथे सह्या गोळा करायला उभी राहायचे. लोक सोयाबीनचं बोलत यायचे, घराचं बोलत जायचे. कोणाच्या भावाचं नाव कापलेलं, कोणाच्या विधवा बहिणीचं. माझं नाव पडलं ‘फोटोवाली बाई’. चहावाला लांबून ओरडायचा, बाई, माह्या पन काढा एखादा. मी त्याचीही सही घेतली.

प्रत्येक ठिकाणी मी भाबीचंच उदाहरण द्यायचे. कुडाच्या घराला पक्कं म्हणणारा तो सर्व्हेवाला आंधळा होता की विकला गेला होता, असं मी माईकवर बोलले आहे. एकदा नाही, चार-पाचदा. त्याच्याविरुद्ध लेखी तक्रारही दिली. त्याला पुढे ते काम मिळालं नाही असं ऐकलं, तेव्हा मला बरं वाटलं. आज हे लिहिताना हात जड होतो.

वाशीमला मोठ्या साहेबांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे. बरोबर आहे हे ऐकायला मी दीड वर्ष फिरत होते, तरी हातात काही नव्हतंच.

दुसऱ्या पावसाळ्यात भाबीच्या लेकीला दिवस गेलेले होते. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं होतं. सासरच्यांनी निरोप पाठवला, तुमच्याकडे घरात पाणी येतं, ओल्या बाळंतिणीला कुठे निजवाल? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी भाबीला म्हटलं, माझ्याकडे निजव, बैठक मोकळी करते. ती नको म्हणाली. इतक्या स्पष्ट आवाजात तिनं मला कधी काही नाकारलं नव्हतं. मला जरा लागलंच ते. लेक सासरीच बाळंत झाली. भाबी एसटीनं जाऊन नातू पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी रजई भरायला बसली. मी त्या रात्री रागानं आणखी एक निवेदन लिहिलं.

तिसऱ्या वर्षी मागणी मान्य झाली. सगळी नाही. जागेचं नाही, मदतीचं नाही. पण आमच्या भागातल्या काही गावांत, करून पाहायचं म्हणून, अपात्र नावं फोटोसकट ग्रामसभेत दाखवायची आणि हरकत आली तर त्याच दिवशी जागेवर जाऊन पंचनामा करायचा, असं पत्र निघालं. सरपंचानं ते पत्र मला आणून दिलं, वर पेढा दिला. मी ते पत्र भाबीला वाचून दाखवलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, अस्सं का. आणि सुईत दोरा ओवत बसली. मला तिचा रागच आला. मनात म्हटलं, कोणासाठी मरमर करते मी?

सभा शाळेत भरली, माझ्याच जुन्या वर्गात. भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र आणलं होतं. उजेड फार होता म्हणून खिडक्यांना लावायला जाड कापड हवं होतं. कोणी तरी भाबीकडून चार रजया आणल्या आणि खिडक्यांना टांगल्या. वर्ग खच्चून भरला. मी पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून. भाबी मागे, बायांमध्ये.

नावं सुरू झाली. एकाचा फोटो खरंच चुकीचा निघाला, त्याच्या जागी चुलत्याचं घर होतं; गावानं सांगितलं, तालुक्याहून आलेल्या साहेबानं लिहून घेतलं. मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. पाहा, मी म्हणत होते ना, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

मग भाबीचं नाव वाचलं आणि भिंतीवर माझी बैठक आली.

माझी पांढरी फरशी, करड्या ठिपक्यांची. माझं शोकेस, त्यात माझ्या निरोपसमारंभात मिळालेली गणपतीची मूर्ती. टेबलावर अर्धा प्यायलेला चहा. मधोमध भाबी, पदर नीट केलेला, हात पुढे जुळवलेले. आणि शोकेसच्या काचेत मी. कमरेवर हात ठेवून, हसत.

पहिल्यांदा मनात आलं ते असं की हा फोटो इथे आला कसा, माझ्या घरात कोण शिरलं होतं? इतकं डोकं बंद झालं होतं. मग तो वैशाखातला दिवस सगळा आठवला, माठातलं पाणी, पाचवर केलेला पंखा, आणि माझाच आवाज: इथंच घ्या ना, उजेड चांगला आहे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला हसण्यासारखं त्यात काही दिसेना. तीन वर्षं मी ज्याला शोधत होते, ज्याला आंधळा म्हणत होते, तो काचेत उभा राहून माझ्याकडे पाहून हसत होता.

मागे कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, बाईची बैठक व्हय ही. साहेबानं विचारलं, हे घर यांचंच ना?

कोणी बोलेना. मी मागे वळून पाहिलं तर गल्लीतले लोक खाली पाहत होते. माझी लाज राखत होते ते. ज्या रीतीनं पाहुण्यासमोर कोणी म्हणत नाही की हे घर यांचं नव्हे, त्याच रीतीनं. आणि मी खरं सांगते, मीही लगेच उठले नाही. किती वेळ ते सांगता येत नाही, पण साहेबानं पुढच्या नावासाठी कागद उलटला होता, एवढा वेळ मी बसून होते. त्या क्षणांचा मला आजही धक्का बसतो, फोटोपेक्षा जास्त.

मग उठले. म्हटलं, “घर माझं आहे. फोटो मी काढायला लावला. तिचं घर शेजारी आहे, तुराट्यांचं. सर्व्हेवाल्याची चूक नाही.”

साहेब भला माणूस होता. त्यानं काही ऐकवलं नाही. माझं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली आणि म्हणाला, चला, आत्ताच पंचनामा करू.

शाळेपासून आमच्या गल्लीपर्यंत सात-आठ मिनिटांची वाट. साहेब, सरपंच, ग्रामसेवक पुढे. मागे भाबी आणि मी. क्षमा मागायची तर कोणत्या तोंडानं? ती शांत चालत होती. नवल, भीती, राग, त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी जागीच थांबले.

“भाबी, तुले माहीत होतं?”

“हो.”

“कवापासून?”

“तालुक्याले गेलतो ना आपन, त्या दिवसापासून. तो मानूस फोटो म्हनला, अन् मले समजलं.”

“मंग बोलली काहून नाही व?”

ती थांबली नाही, मलाच तिच्यामागे चालावं लागलं. म्हणाली, “काय बोलू, बाई? तुमी माह्यासाठी उन्हातान्हात फिरून राह्यले. अन् मी म्हनू का, तुमच्याच घरानं माहं घर खाल्लं?”

मला वाटलं आपण इथेच बसावं, रस्त्यात. अडीच वर्षं. दोन पावसाळे. तिची लेक माहेरी आली नाही ती, आणि माझी बैठक मी देऊ केली तेव्हा ती नको का म्हणाली, तेही तेव्हा कळलं. मी माईकवर तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि ती समोर बसून ऐकत होती. माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून.

घरी पोचलो तर भाबी आमच्याआधी चपळाईनं आत शिरली. साहेब दारात येईपर्यंत तिनं खाटेवर एक नवी कोरी रजई अंथरली होती, कोणा गिऱ्हाईकाची, लाल फुलांची. फुटक्या कुडावर साडी टांगली होती. चुलीजवळचं ओलं पोत्यानं झाकलं होतं. पाहुणा येत होता, दुसरं काय करणार? साहेबानं आत पाहिलं आणि तो घोटाळला. खोली नीटनेटकी दिसत होती. मोबाईलमध्ये तर आणखी नीटनेटकी दिसली असती.

मी ओरडले, “काही झाकू नको. काढ ते सगळं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या डोळ्यांत राग दिसला. तिनं कुडावरची साडी काढली. पोतं बाजूला केलं. रजईची घडी घातली, चार पदरी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि माझ्या हातात दिली. मग दारात उभी राहिली. मागे कुडाला पडलेलं भगदाड दिसत होतं, त्यातून माझी पक्की भिंत. या वेळी तिनं पदर स्वतःच नीट केला. मी फोटोत येणार नाही इतकी लांब, ती रजई छातीशी धरून उभी होते.

हे इतकं साधं मला माझ्या कोणत्याच निवेदनात लिहिता आलं नव्हतं. घर हवं असेल तर माणसानं आधी आपली फाटकी बाजू चारचौघांत उघडी करून उभं राहायचं, हा नियम मीच मागून आणला होता. आधी बंद खोलीत नाव कापायचे. आता उजेडात अब्रू मोजणार होते, आणि त्यासाठी मी सह्या गोळा केल्या होत्या.

साहेब म्हणाला, पुढच्या ग्रामसभेत हा फोटो दाखवू, कोणाची हरकत नसेल तर नाव मंजूर. सगळे गेले. मी रजई परत द्यायला वाकून आत गेले. भाबी ती खाटेवर ठेवत म्हणाली, “हा फोटो बी शाळेत दाखवतीन का, सगळ्याइच्या म्होरं?”

“हो,” मी म्हटलं. “तसं पत्र निघालं आहे.”

तिनं रजईवरून हात फिरवला. “मंग त्या दिवशी तुमी नोका येऊ, बाई. गावानं पाह्यलं तर पाहू द्या. तुमच्या बैठकीत मी इज्जतीनं बसली हाव.”

मी हो म्हटलं आणि घरी आले.

मधल्या दिवसांत मी एक अर्ज लिहिला, सगळ्यांत छोटा. फोटो ज्याच्या घराचा आहे त्याला त्याच्याच दारात, एकट्याला दाखवावा. हे तुझंच घर का, एवढं विचारावं, आणि तो सांगेल ते लिहून घ्यावं. सर्व्हेवाल्याबद्दलची माझी तक्रार मागे घेत असल्याचा दुसरा कागद त्याला जोडला. त्या कागदाची पोचही अजून आलेली नाही.

सभा झाली. मी गेले नाही. बैठकीत बसून होते, दार लावून. तीन वर्षांत चुकवलेली ही पहिली सभा. शाळेकडून काही ऐकू येतं का म्हणून कान देत होते, पण तेवढ्या लांबून काय ऐकू येणार? दुपारी भिंतीपलीकडे भाबी परतल्याचं कळलं. पत्र्याचं दार वाजलं, मग खाट ओढल्याचा आवाज, मग काठीनं रुई झोडपायला सुरुवात झाली. नाव मंजूर झालं की नाही ते मी विचारायला गेले नाही. ती सांगायला आली नाही.